पोटदुखी फक्त शाळेच्याच दिवशी?

‘एवढ्याशा पोराला कसलं आलंय टेन्शन?’ चंदीगडमधल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य सारखं कानावर पडतं आणि दर वेळी मला राग येतो.

इथल्याच मालोया भागातला, सातवीतला एक मुलगा पोटदुखी घेऊन आला. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. जंताच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. वर कुणा भोंदूने दंडात ताईत करकचून बांधला होता. दोऱ्याखालची कातडी सोलवटली होती. पोट दुखायचं ते शाळेच्या दिवशीच, सकाळी. आईला बाहेर बसवलं तेव्हा कुठे तो बोलला. १ मे २०२२ला प्रशासनाने इंडस्ट्रियल एरियातली कॉलनी नंबर ४ पाडली, तेव्हा तो चौथीत होता. घर मालोयाला हललं; शाळा सुटली, मित्र सुटले. वडिलांचं काम तिकडेच राहिलं, ते रात्री उशिरा येतात; धाकट्या बहिणीला हाच सांभाळतो. आणि नव्या वर्गात त्याला ‘झोपडीवाला’ म्हणतात.

त्याचं पोट खरंच दुखत होतं. भीतीने आतड्यांची हालचाल बिघडते, मळमळतं. हे नाटक नव्हे.

घाबरू मात्र नका. हलाखीत वाढणारं प्रत्येक मूल आजारी पडत नाही. घरात ऐकून घेणारं एक माणूस आणि वर्गात पाठीशी उभ्या राहणाऱ्या एक बाई असल्या, तरी मूल सावरतं. पण यूट्यूब बघून आणलेली ‘बुद्धिवर्धक’ सिरपं आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या झोपेच्या गोळ्या आजच्या आज बंद करा. मारणंही बंद. शिक्षकांनो, शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे.

दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर पोटाचीच तपासणी हवी. पण बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, खेळ सुटला, झोप उडाली, एरवी शांत असणारं मूल सतत चिडू लागलं, तर दोन आठवड्यांहून जास्त वाट पाहू नका. चंदीगडमध्ये सेक्टर ३२च्या सरकारी रुग्णालयाच्या किंवा पीजीआय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं मूल बोललं किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी न्या. मरावंसं वाटतं का, हे त्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. घरातल्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.