विजेच्या तारा आणि हौशी बिनतारी संदेशक

एकाच वस्तूकडून दोन कामें करून घेणें हें काटकसरीचें व शहाणपणाचें लक्षण समजलें जातें. शेताचा बांध हद्दहि दाखवितो आणि पाऊलवाटेचेंहि काम देतो. त्याच न्यायानें, घरोघर पोंचलेल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेटहि कां आणूं नये, असा प्रश्न कोणाहि विचारी मनुष्यास सुचेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाची २००३ सालापासून मोठ्या हिरिरीनें चर्चा झाली. एका बाजूस सरकारी आयोग व वीजकंपन्या, आणि दुसऱ्या बाजूस केवळ हौसेखातर बिनतारी यंत्रें चालविणारे नागरिक, असा तो सामना होता. वरवर पाहतां हा वाद लहानसा वाटतो. परंतु पदार्थविज्ञानाचे कांहीं मूलभूत नियम व सार्वजनिक व्यवहाराचीं कांहीं तत्त्वें त्यांत गुंतलेलीं असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं त्याचा अभ्यास केल्यास तो व्यर्थ जाणार नाहीं.

प्रथम हे हौशी संदेशक कोण, तें पाहूं. अमेरिकेंत १९१२ सालीं झालेल्या कायद्यानें हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी लांबीच्या लहरी नेमून दिल्या. या आंखूड लहरी दूरच्या संदेशांकरितां निरुपयोगी होत, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. १९१४ सालीं हायरम पर्सी मॅक्झिम यांच्या पुढाकारानें ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही हौशी संदेशकांची संस्था स्थापन झाली. १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडले यानें स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एरियल उभारून अमेरिकन हौशी केंद्रांचे संदेश ऐकिले. आणि १९२३ च्या नोव्हेंबरांत सुमारें ११० मीटरच्या लहरीवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी मंडळींनीं अटलांटिक महासागराच्या आरपार परस्परांशीं संभाषण केलें. टाकाऊ म्हणून दिलेली जमीनच सुपीक निघाली! त्यानंतर जहाजें, विमानें, सैन्यें आणि ध्वनिक्षेपण केंद्रें या सर्वांनीं लघुलहरींकडे धाव घेतली, आणि हौशी मंडळींच्या वांट्यास ३.५ ते ४, ७ ते ७.३, १४ ते १४.३५ मेगाहर्ट्झ असे अरुंद पट्टेच काय ते उरले. या पट्ट्यांत परीक्षा देऊन व परवाना घेऊन ते काम करतात. त्याबद्दल पैसा घेण्यास त्यांना मनाई आहे.

लघुलहरींचें महत्त्व असें कीं, पृथ्वीभोंवतीं उंच आकाशांत विद्युत्कणांनीं भारलेला जो थर आहे, त्यावरून त्या परत फिरतात व हजारों मैलांवर उतरतात. त्यांना मध्यें तार, मनोरा अथवा उपग्रह यांपैकीं कशाचीहि गरज नसते. मोटारीची एक बॅटरी, एक लहान यंत्र आणि झाडाला बांधलेली तार एवढ्या साहित्यावर एका खंडांतील मनुष्य दुसऱ्या खंडांतील मनुष्याशीं बोलूं शकतो. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमान-निकोबार बेटांवर हाहाकार माजविला, तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी संदेशकांचें एक पथक दुसऱ्याच हेतूनें पोर्ट ब्लेअर येथें आलेलें होतें. नेहमींचीं साधनें बंद पडलीं असतां या पथकानें बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पाठविले. पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट २००५ मध्यें, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना वादळ आदळलें, त्या वेळींहि हौशी संदेशकांनीं असेंच साह्य केलें.

आतां विजेच्या तारांकडे वळूं. अमेरिकेंत घरोघर जाणारी वीज सेकंदास ६० आवर्तनें पुरीं करते. लहरीचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळें या विजेची लहर ५,००० किलोमीटर लांबीची होते. इतक्या लांब लहरीपुढें गल्लींतील तार ही अगदींच तोकडी. म्हणून ती तार लहर बाहेर फेंकीत नाहीं म्हटलें तरी चालेल. परंतु त्याच तारेंतून जलद इंटरनेट न्यावयाचें झाल्यास तिच्यांत कित्येक लक्ष अथवा कोटि कंपनें सोडावीं लागतात. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें या योजनेस १.७ ते ८० मेगाहर्ट्झ एवढें क्षेत्र मोकळें होतें. १४ मेगाहर्ट्झची लहर केवळ २१ मीटर लांब असते, आणि खांबांवरील तार तर शेंकडों मीटर धांवते. अशा स्थितींत ती तार नुसती वाहक राहत नाहीं. ती एरियल बनते.

येथें कोणी विचारील, टेलिफोनच्या तारांतूनहि इंटरनेट येतें, मग तेथें असें कां होत नाहीं? याचें उत्तर तारांच्या रचनेंत आहे. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन जवळजवळ ठेविलेल्या असतात. एकींतून प्रवाह जातो, दुसरींतून परत येतो, आणि त्यांचे बाहेर पडणारे परिणाम परस्परांस बहुतांशीं छेदून टाकतात. विजेच्या तारा मात्र खांबावर एकमेकींपासून दूर ताणलेल्या असतात. त्यांना ठिकठिकाणीं फांटे फुटतात व रोहित्रें जोडलेलीं असतात. त्यामुळें तोल साधत नाहीं आणि बरीच शक्ति आकाशांत निसटते. झांकलेल्या नळांतून आणि उघड्या पाटांतून पाणी नेण्यांत जो भेद, तोच येथें समजावा.

निसटलेली शक्ति थोडी असली तरी अपाय मोठा होतो. दूर देशाहून येणारा संदेश ग्राहकयंत्रापाशीं पोंचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि गोंगाट करणारी तार तर घराच्या दारांतच असते. यंत्राची शक्ति वाढवावी, तर संदेशाबरोबर खरखरहि वाढते. बाजारांतील गलबल्यांत कोणी कानांत कुजबुजूं लागलें, तर ऐकणाराचे कान कितीहि तीक्ष्ण असोत, त्याला कांहीं कळणार नाहीं. त्यांतलाच हा प्रकार होय.

उलट पक्षाचें म्हणणेंहि न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. त्या वेळीं अमेरिकेंत जलद इंटरनेट मुख्यतः टेलिफोन व केबल या दोन मार्गांनींच मिळत असे. तिसरा मार्ग निघाल्यास दर उतरतील, खेड्यापाड्यांतील घरांसहि सोय होईल, आणि वीजमंडळांना आपल्या जाळ्यावर दुरून देखरेख ठेवितां येईल, अशी या योजनेच्या पुरस्कर्त्यांची आशा होती. हे हेतु कोणासहि मान्य व्हावे असेच होते. हौशी संदेशकांचा विरोध इंटरनेटला नव्हता. विरोध होता तो त्यासाठीं निवडलेल्या तारेला.

‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ या आयोगानें १४ ऑक्टोबर २००४ रोजीं या योजनेचे नियम मंजूर केले. विमानवाहतुकीचे व किनारारक्षणाचे कांहीं पट्टे त्यांत वगळण्यांत आले, पण हौशी संदेशकांचे पट्टे वगळले नाहींत. बिनपरवान्याच्या उपकरणानें परवानाधारकास अपायकारक व्यत्यय आणतां कामा नये, हें जुनें तत्त्व कायम होतें. परंतु व्यत्यय आधीं सोसावयाचा, मग तो कोठून येतो तें शोधावयाचें, आणि मग तक्रार करावयाची, हा सर्व भार ज्याला त्रास होतो त्याच्याच शिरावर पडतो, अशी हौशी मंडळींची तक्रार होती.

या वादाचा गाभा मात्र एका मोजमापांत होता. नियमाप्रमाणें ३० मेगाहर्ट्झच्या खालीं उपकरणापासून ३० मीटरवर क्षेत्राची तीव्रता मीटरास ३० मायक्रोव्होल्टांहून अधिक नसावी. परंतु वस्तींत तारेपासून ३० मीटर दूर उभें राहून मोजणें पुष्कळदां शक्य नसतें. जवळ मोजून दूरचा आंकडा गणितानें काढावा लागतो. आयोगाचें गृहीत असें कीं, अंतर दहापट झालें म्हणजे तीव्रता ४० डेसिबलांनीं, म्हणजे शंभरपट, घटते. हौशी संदेशकांच्या संस्थेचें म्हणणें असें कीं, लांब तारेच्या बाबतींत ती घट २० डेसिबलांच्या, म्हणजे दहापटीच्या, आसपास असते. आतां हिशेब करून पाहा. तारेपासून ३ मीटरवर ३,००० मायक्रोव्होल्ट भरले, तर आयोगाच्या गणितानें ३० मीटरवर ३० होतात व उपकरण निर्दोष ठरतें. दुसऱ्या गणितानें त्याच जागीं ३०० होतात, म्हणजे मर्यादेच्या दहापट! यंत्र तेंच, तार तीच, मोजणाराहि तोच. केवळ गृहीत बदललें आणि निकाल फिरला.

हौशी संदेशकांच्या संस्थेनें न्यायालयाचें दार ठोठावलें. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें २५ एप्रिल २००८ रोजीं निर्णय दिला. आयोगानें आपल्याच तज्ज्ञांच्या ज्या अभ्यासांवर विसंबून नियम केले, त्यांतील कांहीं भाग झांकून ठेविला व लोकांस त्यावर बोलण्याची संधि दिली नाहीं, हें कायद्यास धरून नव्हतें. तसेंच ४० डेसिबलांचाच आंकडा कां धरला, याचें समाधानकारक कारणहि दिलें नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. नियम रद्द झाले नाहींत, मात्र हे मुद्दे फेरविचारार्थ आयोगाकडे परत गेले. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. कोणतें गणित खरें, हें न्यायालयानें सांगितलें नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, सरकारनें आपला पुरावा उघडा करावा व आपलीं कारणें मांडावीं.

२०११ सालीं आयोगानें फेरविचार पुरा केला. ४० डेसिबलांचें गृहीत त्यानें कारणें देऊन कायम ठेविलें. मात्र हौशी पट्ट्यांत उपकरणाची शक्ति जेथें ओढून धरावयाची ती खांच २० ऐवजीं २५ डेसिबल खोल असली पाहिजे, असें बंधन घातलें. म्हणजे पूर्वीं त्या पट्ट्यांत तीव्रता एकदशांशावर आणावी लागे, ती आतां सुमारें अठराव्या हिश्शावर आणणें भाग पडलें. पण तोंपर्यंत व्यवहारानें आपला निकाल दिलाच होता. व्हर्जिनिया संस्थानांतील मॅनॅसस या शहरांत ही योजना २००५ सालीं शहरभर सुरू झाल्याचें मोठ्या थाटानें जाहीर झालें होतें; तेथील हौशी संदेशकांनीं व्यत्ययाच्या तक्रारी केल्या; आणि २०१० सालीं ती सेवा बंद करण्यांत आली. टेलिफोन, केबल व कांचतंतु यांच्या वाढत्या वेगापुढें विजेच्या तारेचा निभाव लागला नाहीं.

दोन्ही पक्ष समजुतीनें चालले असतां काय होऊं शकतें, याचेंहि उदाहरण आहे. घरांतल्या घरांत विजेच्या तारांमधून संगणक जोडण्यासाठीं ‘होमप्लग’ नांवाची पद्धति निघाली. तिच्या कर्त्यांनीं हौशी संदेशकांच्या संस्थेशीं विचारविनिमय करून त्यांच्या पट्ट्यांवर आरंभापासूनच खांचा ठेविल्या. म्हणजे उपाय अज्ञात नव्हता. तो वेळीं योजण्याची इच्छा मात्र पाहिजे होती.

हा विषय केवळ परदेशचा आहे असें मात्र समजूं नये. बॅटरीवर चालणारा एखादा लहान रेडिओ घेऊन तो मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागीं लावावा. नंतर तो हळूहळू पेटलेल्या एल्-ई-डी दिव्याजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याजवळ न्यावा. कोणतें उपकरण किती खरखर करतें व किती पावलें दूर गेल्यावर ती थांबते, तें वहींत लिहून ठेवावें. एकाच जातीच्या दोन दिव्यांत एक मुका व दुसरा बोलका आढळला, तर तो फरक बहुधा आंतील गाळणीच्या चांगलेपणाचा असतो. विजेच्या उघड्या तारांना व उपकरणांच्या आंतील भागांना मात्र कोणीं कदापि हात लावूं नये.

आकाश हें गांवच्या विहिरीसारखें सर्वांचें सामाईक धन आहे. विहिरींत कोणी कचरा टाकिला तर तो डोळ्यांस दिसतो. आकाशांत टाकिलेला कचरा दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं अधिक सावध राहावें लागतें. अमेरिकेंतील हौशी मंडळींपाशीं धनबळ नव्हतें. मोजमापाची चिकाटी व कायद्याचा आधार एवढीच त्यांची शिदोरी. त्यांचें सर्वच म्हणणें मान्य झालें नाहीं. तरी सरकारला आपलीं कारणें उघडपणें मांडावयास त्यांनीं लाविलें, ही गोष्ट लहान नव्हे. नवी सोय हवी, यांत शंका नाहीं. परंतु ती स्वीकारण्यापूर्वीं तिचा भार कोणावर पडतो हें मोजून पाहावें, आणि मोजतांना आपण काय गृहीत धरिलें आहे तें प्रामाणिकपणें सांगावें, एवढा बोध या वादांतून घेण्यासारखा आहे.