मोहीम यशस्वी झाली, हे कशावरून?



वस्तीत आरोग्याची मोहीम निघते, पत्रके वाटली जातात, व्याख्याने होतात आणि मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर होते. पण कुटुंबांच्या सवयी बदलल्या काय, आणि त्यामुळे ताप हटला काय? सिंगापूरच्या अनुभवावरून आपण तीन प्रश्न शिकू.

पहिला प्रश्न : डास कोठे वाढतो? सिंगापुरात मलेरियाचे डास टेकड्यांवरील ओढ्यांत व किनाऱ्यावरील मचूळ पाण्यात वाढत. तेथे घरच्या मंडळींनी कितीही काळजी घेतली तरी ओढा आटणार नव्हता. १९११ साली डॉ. माल्कम वॉटसन यांच्या सल्ल्याने जमिनीखालून नळ घालून पाण्याचा निचरा करण्याचे काम सुरू झाले. पुढे नोव्हेंबर १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिंगापूर मलेरियामुक्त ठरविले. या यशात निचऱ्याचा वाटा मोठा; तो पत्रकांच्या नावे मांडू नये. मुंबईची गोष्ट निराळी. तेथे मलेरियाचा डास विहिरींत व गच्चीवरील टाक्यांत वाढतो. टाकीचे झाकण घट्ट बसविणे बिऱ्हाडकरूंच्या हाती असते.

दुसरा प्रश्न : मोजले काय? डेंग्यूचा डास फुलदाणीत व कुंडीखालच्या बशीत वाढतो. सिंगापूरने १९६८ साली डासांविरुद्ध कायदा केला व १९६९ साली मोहीम काढली. निरीक्षक घरोघर जाऊन अळ्या शोधीत. शंभर घरांमागे अळ्या सापडणारी घरे पुढे दोनच्या आसपास आली. वाटलेल्या पत्रकांच्या संख्येपेक्षा हा पुरावा भक्कम होय.

तिसरा प्रश्न : रोग किती काळ हटला? अळ्या कमी असूनही १९९० नंतर डेंग्यू पुन्हा वाढला. २०२० साली ३५,००० हून अधिक रोगी नोंदले गेले. संशोधकांच्या मते, रोग कमी राहिल्याने नव्या पिढीच्या अंगी प्रतिकारशक्ती कमी होती, शिवाय डास घराबाहेरही चावत होते. मलेरियाचेही तसेच. २००९ साली सिंगापुरातच लागण झालेले रोगी पुन्हा आढळले. म्हणून यश आले तरी मोजणी थांबवू नये.

आपल्या मंडळाने मोहीम काढल्यास आधी काही घरांची भांडी, कुंड्या व टाक्या पाहून नोंद करावी. सहा महिन्यांनी तीच घरे पुन्हा पाहावी. मोहीम न झालेल्या शेजारच्या वस्तीचीही तशीच नोंद ठेवावी. नाहीतर पाऊस कमी पडल्याचे श्रेय आपण आपल्या व्याख्यानांना देऊन बसू, आणि पुढच्या पावसाळ्यात मुले तापाने आजारी पडतील.