एका देशाचे तीन प्रमुख

मुलांनो, आपल्या मॉरिशसचा राष्ट्रपती एकच असतो, हे तुम्हांला माहीत आहे. पण युरोपात बोस्निया आणि हर्झेगोविना नावाचा एक देश आहे. त्याचे प्रमुख तीन आहेत!

तेथे बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट असे तीन मोठे समाज राहतात. १९९२ साली त्यांच्यात युद्ध पेटले. शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. हजारो माणसे मेली. अखेर १९९५ साली तह झाला. सारी सत्ता एकाच समाजाच्या हाती नको, असे ठरले. म्हणून लोक प्रत्येक समाजाचा एक सभासद चार वर्षांसाठी निवडतात. तिघे मिळून कारभार पाहतात. दर आठ महिन्यांनी त्यांचा अध्यक्ष बदलतो.

पण तेथे ज्यू आणि रोमा लोकही राहतात. त्यांना या निवडणुकीला उभे राहता येत नाही. त्यांच्यापैकी दोघांनी न्याय मागितला. हा नियम अन्यायाचा आहे, असा निकाल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ साली दिला.

प्रश्न
१. तेथील अध्यक्ष किती महिन्यांनी बदलतो?
२. वर्गात खेळाचे तीन गट झाले आणि एक मूल बाहेरच राहिले, तर तुम्ही काय कराल?