संध्याकाळचा छंदवर्ग: फी ठरवण्याआधी खुर्च्या मोजा

"मला लिहायला शिकवता येतं, वारली शिकवता येते, मोडी लिपी येते. मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा क्लास काढावा म्हणतोय. पण आता सगळंच मोबाईलवर फुकट मिळतं, मग पैसे देऊन येणार कोण?" हा प्रश्न फार जणांच्या मनात असतो. व्हिडिओत आपण हिशोब भराभर केला, इथे सावकाश करूया. वही-पेन घेऊन बसा. उदाहरण मराठी लेखनवर्गाचं घेतोय, पण तुमचा छंद कोणताही असला तरी पद्धत हीच.

आधी एक समजून घ्या: तुम्ही नक्की विकताय काय?

माहिती फुकट आहे, हे खरंच आहे. कथा कशी लिहावी यावर पाहिजे तेवढे व्हिडिओ मिळतील. पण दिवसभर बँकेत, दुकानात किंवा घरात राबलेल्या माणसाला तीन गोष्टी मोबाईलवर मिळत नाहीत: ठरलेली वेळ, सोबतीला चार माणसं, आणि आपण लिहिलेलं कान देऊन ऐकणारं कुणीतरी. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या तीन गोष्टींसाठी.

म्हणजे तुमचा माल काय? गुरुवारची संध्याकाळ, सव्वासात ते पावणेनऊ, आणि त्या खोलीतली एक खुर्ची. खुर्च्या किती, हे एकदा ठरलं की फी आपोआप ठरते. बहुतेक जण उलटं करतात. "आपल्या गावात हजाराच्या वर कोण देणार?" म्हणून फी आधी ठरवतात आणि मग माणसं मोजत बसतात.

पायरी १: खुर्च्या किती?

हॉलमध्ये चाळीस माणसं मावतील, पण वेळेत किती मावतील? दीड तासात ९० मिनिटं. त्यातली ३० मिनिटं शिकवण्यात आणि वर्गातच लिहून घेण्यात जातील. उरली ६०. एकाचं वाचन आणि त्यावर बोलणं धरून १० मिनिटं तरी लागतात. म्हणजे एका संध्याकाळी सहा जण. १२ जणांची बॅच असेल तर प्रत्येकाची पाळी एक आठवडा सोडून येते, आठ आठवड्यांत चार वेळा. हे ठीक आहे. २० जण घेतले तर पाळीच येत नाही आणि माणूस मनातल्या मनात म्हणतो, "यापेक्षा व्हिडिओ बरा होता."

तर आपल्या खुर्च्या १२. वारलीच्या वर्गात हाच आकडा टेबलांवरून ठरेल, मोडीच्या वर्गात तुम्ही किती जणांची अक्षरं एका वेळी तपासू शकता यावरून.

पायरी २: खर्च लिहा, आणि त्यात स्वतःला धरा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. आठ आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ.

कितीही माणसं आली तरी होणारा खर्च:
- हॉलचं भाडं, ५०० रुपये × ८ = ४,०००
- फ्लेक्स, पत्रकं = १,०००
- शेवटचा वाचनाचा कार्यक्रम = १,०००
- तुमची मेहनत = ८,०००

हे ८,००० कुठून आले? वर्ग दीड तास, हॉल लावणं-आवरणं अर्धा तास, तयारी दीड तास, लोकांचं लिखाण वाचणं दीड तास. आठवड्याला ५ तास, एकूण ४० तास. तासाला २०० रुपये धरले. "माझा वेळ काय, असाच तर असतो" असं म्हणालात तर तो छंद झाला, व्यवसाय नव्हे.

एकूण १४,०००.

शिवाय दर माणशी खर्च: चहा-बिस्किट आठ वेळा १६०, झेरॉक्स आणि वही १४०. म्हणजे ३०० रुपये.

पायरी ३: आता फी लावून बघा

- फी १,००० ठेवली तर एका माणसामागे ७०० उरतात. १४,००० भरून काढायला २० माणसं लागतील. तुमच्या खुर्च्या आहेत १२! म्हणजे वर्ग गच्च भरला तरी तुम्ही तोट्यात.
- फी १,५०० ठेवली तर १,२०० उरतात. १२ माणसं लागतील. एक जरी खुर्ची रिकामी राहिली तरी तोटा.
- फी २,००० ठेवली तर १,७०० उरतात. नवव्या माणसाला खर्च निघतो. बारा आले तर ६,४०० रुपये नफा, आणि मेहनतीचे ८,००० वेगळे.

"स्वस्तात दिलं की गर्दी होईल" हा हिशोब इथे का बसत नाही, ते लक्षात आलं ना? किराणा दुकानात गर्दी वाढली की माल जास्त मागवता येतो. इथे तेराव्या खुर्चीने बाकीच्या बाराजणांचा माल कमी होतो.

एखाद्या हुशार पण अडचणीतल्या माणसाला सवलत द्यायचीय? जरूर द्या. पण दहावा, अकरावा, बारावा यांतली एखादी खुर्ची द्या. पहिल्या नऊतली नको.

आणि खरं सांगायचं तर एका बॅचवर घर चालत नाही. दोन महिन्यांत मेहनत आणि नफा मिळून १४,४००, तेही वर्ग भरला तर. आठवड्यात तीन संध्याकाळी तीन बॅचेस भरल्या तर महिन्याला साधारण २१,६०० होतात. म्हणून नोकरी सोडून उडी मारू नका. एक बॅच पूर्ण करा, दुसरी भरते का बघा, मग ठरवा.

पायरी ४: फी पूर्ण बॅचची, आणि आधी

"याल तेव्हा २५० द्या" असं कधीही ठेवू नका. मुसळधार पावसात चारच जण येतील, हॉलवाला मात्र भाडं पूर्ण घेईल. शिवाय पैसे भरलेला माणूस कंटाळा आला तरी उठून येतो. अर्धी फी नाव नोंदवताना, अर्धी पहिल्या दिवशी. मध्येच सोडल्यास पैसे परत मिळणार की नाही, हे पावतीवर छापा. तोंडी बोलण्यातून भांडणं होतात.

पायरी ५: तिसरा आठवडा सांभाळा

मोठ्यांच्या वर्गात गळती कुठे लागते? पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्यात गृहपाठ, तिसऱ्यात "माझं लिहून झालं नाही, कोणत्या तोंडाने जाऊ?" पन्नाशीच्या माणसाला रिकाम्या हाताने वर्गात यायची लाज वाटते. तो कारण कामाचं सांगतो.

उपाय सोपा आहे. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी वर्गातच लिहायचं. मग कुणीच रिकाम्या हाताचं राहत नाही. दुसरा नियम: कुणी वाचल्यावर आधी काय आवडलं ते सांगायचं, मग एकच सुचवणी. तिसरा: वर्गात वाचलेलं बाहेर जाणार नाही. माणसं घरातलं, मनातलं लिहितात. न विचारता एखादीची कविता व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलीत तर तिच्याबरोबर आणखी दोघी जातील. आणि लक्षात ठेवा, लिखाण वर्गात झालं तरी त्यावरचा हक्क लिहिणाऱ्याचाच.

पायरी ६: शेवट आधी ठरवा

आठ आठवड्यांनी हातात काहीतरी दिसलं पाहिजे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बॅच सुरू केली तर ती फेब्रुवारीच्या शेवटी संपते. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. गावच्या वाचनालयात त्या दिवशी तुमच्या बाराजणांचं वाचन ठेवा. प्रत्येकाच्या घरचे दोन-तीन जण येतात आणि पुढच्या बॅचची जाहिरात तिथेच होते. पावसाळ्यातल्या बॅचला "दिवाळी अंकाला पाठवण्याजोगा एक लेख" हे ध्येय द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात

- महाराष्ट्रात कामाला मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती जपून ठेवा.
- वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी एकदा तुमच्या सीएंना विचारा.
- सोसायटीचा हॉल घेणार असाल तर कमिटीची परवानगी लेखी घ्या.
- वर्गात वाटायला अख्ख्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढू नका. भारतात लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता मुक्त आहे. सुरुवातीला असं साहित्य वापरा.
- जागा बघताना खुर्चीवर स्वतः बसून पाहा. प्राथमिक शाळेच्या बाकावर मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. स्वच्छतागृह आहे का आणि रात्री नऊला घरी जायला रिक्षा किंवा बस मिळते का, हेही बघा. बायका येणार की नाही हे बऱ्याचदा याच दोन गोष्टींवर ठरतं.

या आठवड्याचा गृहपाठ

फ्लेक्स छापू नका. एका पानावर चार आकडे लिहा: खुर्च्या, ठरलेला खर्च, दर माणशी खर्च आणि फी. फीमधून दर माणशी खर्च वजा करा आणि येईल त्या आकड्याने ठरलेल्या खर्चाला भागा. उत्तर खुर्च्यांच्या तीन-चतुर्थांशाच्या आत आलं तर ओळखीच्या पाच जणांना तारीख सांगा आणि अर्धी फी मागा. "छान कल्पना आहे" असं म्हणणारे खूप भेटतील. अर्धी फी देणारे पाच भेटले, तर हॉल बुक करा.

भेटूया पुढच्या भागात.