बिनतारी जोडणी चालेनाशी झाल्यास

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ पंचायत कचेरीत ताटकळत आहे, अर्जाची अखेरची तारीख आजचीच आहे आणि सचिवांच्या लॅपटॉपवर ‘इंटरनेट नाही’ एवढीच सूचना दिसत आहे, हा प्रसंग खेडोपाडी अपरिचित नाही. तालुक्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत कचेरीची वेळ संपते. वस्तुतः दोष कोठे आहे, हे कोणासही ओळखता येण्याजोगे आहे.

लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा बिनतारी टप्पा निराळा आणि राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा तारेचा टप्पा निराळा. म्हणून प्रथम एखादा मोबाइल त्याच राउटरला जोडून पाहावा. त्याचा स्वतःचा डेटा मात्र आधी बंद करावा, अन्यथा फसगत होते. मोबाइलवरही काही उघडत नसल्यास लॅपटॉपला बोल लावू नये. राउटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. ऑप्टिकल जोडणीच्या पेटीवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागलेला असेल, तर केंद्राकडून येणारा प्रकाशसंकेतच पोहोचत नाही, असे समजून कंपनीकडे तक्रार नोंदवावी. पावसाळ्यात फांदी पडून तार तुटणे हे त्याचे नेहमीचे कारण होय.

मोबाइल चालतो पण लॅपटॉप चालत नाही, असे आढळल्यास ‘एअरप्लेन मोड’ चुकून सुरू झाला आहे काय, ते पाहावे. मग जतन केलेली जोडणी पुसून सांकेतिक शब्द नव्याने भरावा. लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत.

एक कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जुन्या लॅपटॉपचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत त्या घड्याळावरूनच तपासली जात असल्याने, जोडणी उत्तम असूनही शासकीय संकेतस्थळ उघडत नाही. तारीख दुरुस्त करताच काम सुरळीत होते.

गोव्यातील जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंती लहरी बऱ्याच अंशी अडवितात. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झची जोडणी अधिक पोहोचते, जरी तिचा वेग कमी असला तरी. चोरीच्या भयाने राउटर लोखंडी कपाटात ठेवल्यास लहरीही तेथेच कोंडल्या जातात. तो उंच व मोकळ्या जागी असावा.

राउटरच्या मागील बारीक छिद्रातील ‘रीसेट’ कळ मात्र दाबू नये. तिने कंपनीने भरलेली सर्व मांडणी पुसली जाते आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहावीच लागते.