बेल्ट बदलला, आवाज राहिला

बॉनेटखालून किंचाळी आली की बेल्ट बदलायचा, असा सरसकट उपाय चालतो. माझ्या गाडीवरही तोच झाला. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केली की आवाज यायचा आणि इंजिन गरम झालं की विरायचा. गॅरेजमध्ये नवा बेल्ट पडला. आवाज कमी झाल्यासारखा वाटला आणि थोड्याच दिवसांत परत आला. मग आंबा घाट उतरताना बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं आणि तापमानाचा काटा चढू लागला. नवा कोरा बेल्ट तुटला होता. साखरप्याहून आलेल्या मिस्त्रींनी बेल्टकडे पाहिलंही नाही. त्यांनी एकेक पुली हाताने फिरवली. आयडलर पुलीचं बेअरिंग जाम होतं. बेल्ट तिच्यावर घासून तापला आणि फाटला होता.

दुखणं पुलीचं आणि सोसतो बेल्ट, हे लक्षात ठेवलं तर बराच खर्च वाचतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत एकच लांब, धारांचा बेल्ट क्रँक पुलीवरून निघून अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही गाड्यांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंपही त्याच्यावरच असतो. स्प्रिंगचा टेन्शनर त्याला ताणून धरतो, आयडलर वाट दाखवते. अल्टरनेटर क्रँकच्या साधारण दोन ते तीन पट वेगाने फिरतो, आणि सगळं एकाच बेल्टवर असल्यामुळे एक पुली अडखळली की सगळ्यांना त्रास.

आवाज नीट ऐका. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लांब किंचाळी येत असेल, तर बेल्ट घसरतोय. चिमणीसारखी तुटक चिवचिव असेल, तर एखादी पुली रेषेत नाही. घरघर किंवा खरखर बहुधा बेअरिंगची असते.

शंका राहिली तर इंजिन आयडलवर ठेवून, बाह्या, ओढणी आणि हात लांब ठेवून, बेल्टच्या धारांवर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुलीची रेषा तपासा. वाढला, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगवर संशय घ्या.

पुढचं काम इंजिन बंद, थंड आणि चावी खिशात असतानाच. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो. बेल्ट कसा फिरवलाय याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. टेन्शनर पान्याने मागे ओढून बेल्ट उतरवा. मग आयडलर, टेन्शनर आणि अल्टरनेटरच्या पुल्या फिरवून पाहा. खरखर, अडखळ किंवा डुगडुग लागली, तर तो भाग गेला. टेन्शनरचा हात अडकत असेल किंवा सैल वाटत असेल, तर तोही बदला. क्रँक पुलीत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. ते सुटलं की कडं हेलकावे खातं. तिथे नवा बेल्ट काही उपयोगाचा नाही.

बेल्टवर तडे नाहीत म्हणून तो चांगला, हा जुना हिशेब आता चालत नाही. सध्याच्या ईपीडीएम रबराला तडे उशिरा जातात. टायरच्या नक्षीसारख्या त्याच्या धारा झिजतात आणि खोबण्या खोल होत जातात. बेल्टवर तेल किंवा कूलंट पडत असेल, तर आधी गळती बंद करा आणि पुल्या पुसून कोरड्या करा. आवाज बंद करणारे चिकट स्प्रे मारू नका. आवाज दबतो, धूळ चिकटते आणि खरं कारण आणखी लपतं.

नवा बेल्ट घेताना जुन्यावरचा क्रमांक जुळवा. ‘६पीके१२००’ म्हणजे सहा धारा आणि सुमारे १२०० मिलीमीटर लांबी. बसवल्यावर प्रत्येक धार आपल्या खोबणीत आहे ना, हे टॉर्च लावून पाहा. एक धार बाहेर राहिली तरी बेल्ट लवकरच उसवतो.

रस्त्यात बॅटरीच्या लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढू लागला, तर जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे इंजिन बंद करा. वॉटर पंप थांबलेला असेल, तर पुढचं गाव गाठण्याच्या नादात सिलेंडर हेड वाकू शकतं.

गॅरेजमध्ये काम दिलंत, तर उतरवलेला बेल्ट मागून घ्या. एकाच कडेला झिजला असेल, तर पुली वाकडी आहे. चकाकत असेल, तर घसरत होता. फुगून मऊ झाला असेल, तर तेल पडतंय. हे कारण मिस्त्रींना दाखवा, ते दूर झालं का ते विचारा, आणि मगच बिल द्या.