ओपनिंग पाठ नाही म्हणून मुलगी हरते का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धेत ती लवकर बाद होते. ओपनिंग पाठ नाहीत म्हणून हरते, असं सगळे म्हणतात. महागडा ऑनलाइन कोर्स लावू का?
– एक पालक, धारणी

उत्तर : काळजी करू नका, कोर्सची आत्ता गरज नाही. या टप्प्यावर बहुतेक डाव मोहरा फुकट गेल्याने हातचे जातात. समोरच्याने वेगळी चाल केली की पाठांतर तिथेच संपतं. त्याऐवजी हेतू समजू द्या : मधली घरं धरणं, घोडे-उंट लवकर काढणं, कॅसलिंग करणं. पांढऱ्याकडून इटालियन ही एकच ओपनिंग सध्या पुरे.

रोज अर्धा तास द्या : वीस मिनिटं कोडी (लिचेस या संकेतस्थळावर मोफत आहेत), दहा मिनिटं राजा-प्याद्याचे एंडगेम. हरलेला डाव लिहून ठेवा, चूक तिलाच शोधू द्या. संगणकाचं उत्तर नंतर बघा.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम लढतीचा निकालही एंडगेममध्येच लागला. ओपनिंगचा सखोल अभ्यास पुढे लागेलच. मोहरे फुकट जाणं थांबलं की तो सुरू करा.